शेणाचा इतर वापर : नाही

हिंगोली जिल्हा व्हायच्या एक-दोन वर्षं आधीची गोष्ट. मी अकरावीत होते. गावात गोबर गॅसची योजना आली, तेव्हा आमचा अर्ज मीच भरला, कारण घरात दुसऱ्या कुणाला लिहिता येत नव्हतं. जनावरं किती? पाच. रोजचं शेण किती? पाट्यांचा अंदाज बांधून लिहिलं. शेणाचा इतर वापर? तिथं माझा हात थांबला. मग मी 'नाही' लिहिलं.

इतर वापर होता. शेजारची म्हातारी मावशी रोज सकाळी आमचा गोठा झाडायची आणि त्याबद्दल निम्मं शेण न्यायची. तिला ना शेत, ना जनावर. त्या शेणाच्या गवऱ्यांवरच तिची चूल पेटायची. हा रिवाज माझ्या जन्माच्या आधीपासूनचा. पण शेण कमी दिसलं तर अर्ज बसणार नाही, असं ग्रामसेवकांनी सांगितलं होतं. इकडे धुरानं आईचा खोकला हटत नव्हता. ती थकली की चूल माझ्याकडे यायची आणि कळमनुरीची सकाळची एसटी चुकायची. असंच चाललं तर कॉलेज सुटेल, ही धास्ती मला जेवतानाही सोडत नव्हती.

अर्ज मंजूर झाला. खड्डा खणला, घुमट बांधला. पहिल्या भरणाला पाट्यांवर पाट्या शेण लागायला लागलं.

"काहून गं माय, आज गोठा आधीच झाडला?" मावशीनं रिकामी पाटी टेकवत विचारलं.

"टाकी भरायचीय, मावशी. भरेपर्यंतच."

तिला वाटलं, टाकी म्हणजे कणगी. एकदा भरली की भरली. तिचा हा समज मला दिसत होता आणि मी तो राहू दिला. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच्या परसातलं, थापायचं राहिलेलं शेण पाटीत घेऊन आली. "घे, भरू दे तुही टाकी लवकर. माह्यापायी काहून अडावं?"

मी ते शेण टाकीत ओतलं. आईला सांगितलं नाही.

काही दिवसांनी शेगडी पेटली. निळी ज्योत बघायला बायका जमल्या. एकीनं नाकाला पदर लावला, "शेणाच्या ग्यासवरचा चहा? मी न्हाई पिणार."

"आन् आजवर काय चंदनावर करून राहिली होतीस?" मावशी म्हणाली. सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही. टाकी भरली होती, आता ती उद्या पाटी घेऊन येणार.

ती आलीच. "रोजच घालावं लागतं, मावशी," मी खाली बघत म्हणाले. ती रिकामी पाटी उचलून वळली, तेव्हा घाबरून टाकीतून बाहेर पडणारी मळी दाखवली. "हे न्या की. हे बी शेणच हाय."

तिनं नेलं, थापलं, वाळवलं. आठवड्यानं एक गवरी घेऊन आली आणि माझ्यासमोर चुरली. भुगा झाला.

"पोरी, ह्यातला जीव तुमी काढून घेतला. ह्यावर पाणी बी उकळंना." मग हसून म्हणाली, "लोकं म्हणतेत, बुढीच्या गवऱ्या मसणात गेल्या. तेवढ्या तरी ठिव माय, दोन-चार."

आई दारात उभी होती. तिनं विचारल्यावर मी सगळं सांगितलं, अर्जातल्या 'नाही'सकट, मावशीसमोरच. आई ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "तिची पाटी बी ओतलीस?" मग मावशीकडे वळली. "मावशी, सोमवार आन् गुरुवार गोठा तुमचा. अख्खं शेण तुमचं."

तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी गॅस कमी पडायचा. ज्योत बारीक झाली की माझा जीवही बारीक व्हायचा. योजनेची जीप गावात शिरली की वाटायचं, आता कुणीतरी अर्ज उघडून विचारणार.

विचारलं कुणीच नाही. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा पहिला पेपर मात्र शुक्रवारी आला. पहिली भाकरी अर्धी भाजली आणि ज्योत विझली. एसटीला थोडाच वेळ होता. आई जुनी चूल झाडायला धावली, पण घरात ना सरपण, ना विस्तव. मला रडू फुटायच्या बेतात होतं.

तेवढ्यात मावशी परसातून आली. एका हातात पेटत्या गवरीवर विस्तव, काखेत गवऱ्यांची पाटी. "निजला का गं तुमचा ग्यास?" तिनं चूल पेटवली, फुंकर घातली. आईला खोकला आला, पण भाकरी झाली.

डबा घेऊन मी तिच्या पाया पडले. "जाय," ती म्हणाली, "आन् तिथं बराबर लिही."

ती पेपराबद्दलच बोलली असेल. एसटी सुटेपर्यंत मी मागं वळून पाहिलं नाही.