आवळा खाल्लास का?

माणूस म्हणजे रबराचा वॉशर, असं मनापासून मानणारा गृहस्थ उभ्या नव्या मुंबईत एकच होता आणि तो नेमका वाशीत आमच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर राहायचा. मी तेव्हा नुकतीच लग्न होऊन तळमजल्यावर आले होते. हे वरचे काका शिरवण्याजवळच्या एका रबराच्या कारखान्यात फोरमन. रबर लवकर तडकू नये म्हणून तिथे त्यात अँटिऑक्सिडंट नावाची पूड घालत. पुढे कुठल्याशा मासिकात काकांनी वाचलं की आवळ्यातलं सी जीवनसत्त्व, गाजरातलं ए, मोडाच्या गव्हातलं ई, ही सगळी त्याच कुळातली. झालं! त्या दिवसापासून जिन्यात भेटेल तो माणूस त्यांना तडकलेला दिसायला लागला. माझ्या सासूबाईंचे गुडघे, पोस्टमनच्या टाचा, सोसायटीच्या सेक्रेटरीचं टक्कल, सगळ्यांवर इलाज एकच. "सूनबाई, बॉडीला मेन्टेनन्स हवा! गाजर खा, गाजर!" मी हो म्हणायचे आणि दार लावून घ्यायचे.

पण खरं दुखणं होतं काकूंचे कान. दोन्ही कान वर्षानुवर्षं वाहायचे. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, "पडद्यांना भोकं आहेत. आधी एका कानाला ठिगळ लावू. उशीर केलात तर ऐकू यायचंच बंद होईल." जन्मभर रबराच्या चकत्या, गॅस्केटं कापणारा हा माणूस, पण बायकोचं ऑपरेशन म्हटलं की घाबरून विषयच बदलायचा. "अहो, पडदा म्हणजे रबरच की! आतून खुराक मिळाला की भरतो आपोआप," असं म्हणून त्यांनी काकूंना रोज आवळा सुरू केला. एकदा तर जन्मात अंडं न शिवलेल्या या गृहस्थाने दिवाळे गावच्या मासेवालीकडून मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, लिव्हरचं तेल आणवलं आणि जिन्यातच चमचा काकूंच्या कानाकडे नेला. मासेवाली किंचाळलीच, "कानान नको वतू रं दादा, प्याचा हाय!" तीन आठवडे जिन्यात नाक दाबून चढ-उतार करावी लागली.

कारखान्याच्या सवयीनं काका टेस्टिंगही करत. रोज सकाळी सातला, कामावर निघताना, काकू पाठमोऱ्या असल्या की लादीवर खडूची खूण करून तिथून हळूच विचारायचे, "आवळा खाल्लास का?" काकू म्हणायच्या, "हो हो, खाल्ला." खूण दर महिन्याला मागे सरकत सरकत दारापर्यंत गेली. काकांनी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते.

एके दिवशी सकाळी सातलाच मी त्यांचं पातेलं परत द्यायला वर गेले. काकू पाठ करून भाजी निवडत होत्या आणि शेगडीवर दूध वर आलेलं. काका दारातून ओरडले, "अगं, दूध उतू जातंय!"

"हो हो, खाल्ला."

"दूध! दूध!"

"खाल्ला म्हणते ना!"

मी धावत जाऊन गॅस बंद केला. मला हसू आवरेना. पण वळून पाहिलं तर काका दारातल्या खडूच्या खुणेवर मटकन बसलेले. "हिला शब्द ऐकूच येत नाहीत, सूनबाई. सात वाजले की सवयीनं हो म्हणते," ते म्हणाले, "मी मूर्ख इतके दिवस तपासत काय होतो?" मला फार वाईट वाटलं.

त्याच आठवड्यात त्यांनी ऑपरेशनच्या कागदावर सही केली.

कान बरा झाल्यावर पुन्हा टेस्टिंग ठरलं, सकाळी सातलाच, आणि साक्षीदार मी. काकू पाठमोऱ्या, काका दारातल्या खुणेवर. या वेळी नवा प्रश्न विचारायचा म्हणून त्यांनी तो कागदावर लिहून आणला होता. पण एरवी सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणाला बोलू न देणाऱ्या या माणसाला स्वतःचंच अक्षर लागेना. शेवटी अगदी बारीक आवाजात जुनाच प्रश्न आला, "आवळा खाल्लास का गं?"

काकू थांबल्या. मग वळून म्हणाल्या, "नाही हो. एकही नाही खाल्ला. मला आंबट सोसत नाही. रोज खिडकीतून खाली टाकत होते."

"ऐकू आलं! सूनबाई, हिला ऐकू आलं!" काका नाचायलाच लागले. आवळे त्यांच्या गावीही नव्हते.

"ओरडू नका," काकू म्हणाल्या, "मला ऐकू येतंय."

आमच्या मागच्या दारी न लावता आवळ्याचं रोप कसं आलं, ते मला त्या दिवशी कळलं. आता ते झाड त्यांच्या खिडकीच्या वर गेलंय. काकाही नाहीत, काकूही नाहीत. हंगामातला पहिला आवळा मी तिथेच उभी राहून खाते, तोंड वेडंवाकडं करत. वरून कुणी विचारत नाही. म्हणून मीच मोठ्यानं सांगते, "खाल्ला हो काका, खरंच खाल्ला."