बिननावाचे दोनशे अकरा पाय

पाय अधू असलेल्यांसाठी बूट बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात मालकांची सून काम करीत असे. तिला सारे मापवाली म्हणत. ग्राहकाने काचेवर पाय ठेवावा, यंत्राने त्याचे चित्र घ्यावे आणि मापवालीने ते चित्र ग्राहकाच्या नावाने जपावे, असे ते काम होते. चित्रे जड असत, म्हणून ती संगणकाला बाहेरून जोडलेल्या, काडेपेटीहून थोड्या मोठ्या, एसएसडी नावाच्या डिस्कमध्ये राहत. संध्याकाळी सहाला, दिवसभराची चित्रे तीत उतरवायला लावून, मापवाली स्वयंपाकासाठी घरी पळे. तिची पाठ कधीची बोलू लागली होती. परंतु कामात तिने कुचराई केली नाही.

एका मंगळवारी सकाळी एसएसडी उघडेना. पडद्यावर सूचना आली की, फाइल सिस्टीम वाचता येत नाही, ड्राइव्ह फॉरमॅट करायची का? मापवालीच्या तोंडचे पाणी पळाले. फॉरमॅट करणे म्हणजे लिहिलेली पाटी पुसणे, हे तिला ठाऊक होते. तिने 'नाही' दाबले.

तिला घोर लागला तो कंडक्टरबाईंचा. त्यांचा डावा पाय उजव्यापेक्षा दोन बोटे आखूड, आणि घसरून पडल्यामुळे नेमका तोच प्लास्टरमध्ये. शुक्रवारी प्लास्टर निघणार होते. सोमवारी बसमध्ये उभे राहता आले नाही, तर त्यांची जागा दुसरीला जाणार होती. प्लास्टरमधल्या पायाचे माप घेता येत नाही, आणि ते निघेपर्यंत थांबले तर बूट सोमवारपर्यंत होणार नव्हते. जे माप होते, ते या एसएसडीतच.

"काय झालं?" सासऱ्यांनी विचारले. त्यांनी चाळीस वर्षे हाताने बूट शिवले होते.

"डिस्क वाचता येत नाहीये, बाबा."

"माझे पायांचे लाकडी साचे जागा अडवतात म्हणून मोडीत काढलेत ना? लाकूड कधी म्हणालं का, मला वाचता येत नाही?"

"टोमणे जेवताना मारा. आत्ता ही केबल धरा."

तिने केबल बदलली, संगणकाचे दुसरे तोंड वापरून पाहिले, नवऱ्याच्या लॅपटॉपला जोडून पाहिले. सगळीकडे तीच सूचना. मग तिने एसएसडीची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या डिस्कवर घेतली, कारण दुरुस्ती करताना मूळ वस्तूला धक्का लागता कामा नये. त्यात दुपार झाली. नंतर तिने त्या नकलेवर तपासणी चालवली. पुस्तकाची पाने शाबूत असावीत आणि अनुक्रमणिका तेवढी फाटावी, तसे झाले होते. दोनशे अकरा पाय परत मिळाले, पण नाव एकालाही नव्हते. होते ते केवळ क्रमांक.

बिघाडाचे कारणही संगणकाच्या नोंदीत सापडले. रोज साडेसहाला वीज अचानक गेलेली. साडेसहाला कारखाना बंद करताना सासरे मेन स्विच खाली ओढत. पूर्वी एकदा ठिणगी पडून शेड जळाली होती, तेव्हापासून हे त्यांच्या अंगवळणी पडले होते. मापवालीने नोंद वाचली आणि पडद्यावरची ती खिडकी मिटली.

"बाबा, चष्मा आणा. हा पाय कुणाचा?"

ते शेजारी बसले. "हा शिंप्याचा. पायडल मारून मारून अंगठा वळलाय. पुढचा घे. ही नर्सबाई. आणि हा... हा तुझ्या नवऱ्याचा. सपाट! माझ्याकडून पोरानं पायसुद्धा घेतला नाही."

मापवाली कंटाळली होती, तरी हसली. ते ओळखत गेले, ती नावे घालत गेली. एकशे चौसष्टाव्या चित्रावर त्यांनी तिचा हात धरला.

"थांब. चवड्याला घट्टा बघ. आखूड पाय, बोटांवरच उभं राहायची सवय. कंडक्टरबाई."

"नक्की?"

"या पायाचे अकरा जोड शिवलेत मी."

तिने तरीही फोन लावला. "बाई, डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलीय का हो?"

"जन्मापासून," पलीकडून आवाज आला. "का? माझा पाय पळाला की काय तुमच्याकडून?"

"पळाला होता. सापडला. शुक्रवारी बूट घेऊन मी स्वतः येते."

फोन ठेवल्यावर तिच्या जिवात जीव आला. माप तिने लगेच संगणकातही उतरवले, आणि एसएसडी फॉरमॅट करून सगळी चित्रे परत तीत उतरवायला लावली. मागच्या खोलीत साचा कोरणारे यंत्र सुरू झाले.

साडेसहाला साचा पूर्ण झाला. सासऱ्यांचा हात मेन स्विचवर गेला.

"थांबा, बाबा. त्या डिस्कचा दिवा लुकलुकत असताना वीज गेली की असं होतं. रोज जातेय."

हात तसाच वर राहिला. "म्हणजे मीच?"

"तुम्ही वीज तोडलीत, मी काम अर्धं सोडून घरी गेले. दोघंही."

"मग दुपारीच का नाही बोललीस?"

"बोलायलाही ताकद लागते, बाबा."

तिने एसएसडी रीतसर बंद केली. निळा दिवा आणखी थोडा वेळ लुकलुकत राहिला. सासरे हात वर धरून, त्या दिव्याकडे पाहत उभे होते.

"विझला," ती म्हणाली. "आता ओढा."