इक्बालभाईंचं सॉकेट

इक्बालभाईंना हाक मारली तर ते वळत नसत. चाळिशीत एका तापानं त्यांचे दोन्ही कान गेले होते. न्हावा शेव्याच्या आमच्या ऑफिसात कंटेनरचे कागद ते एकहाती सांभाळत. पण त्यांना काही सांगायचं तर वहीत लिहून द्यावं लागे. तेवढे कष्ट हळूहळू कुणी घेईना.

त्यांच्या खऱ्या गप्पा उलव्याच्या घरी, कॉम्प्युटरवर चालत. तिथं त्यांनी एक गेम उभारला होता. चित्र नाही, आवाज नाही, नुसती अक्षरं. ‘उत्तरेला जा’ लिहिलं की पुढच्या खोलीचं वर्णन येई आणि तिथं आलेल्या इतर खेळणाऱ्यांशी लिहून बोलता येई.

कामोठ्याचा सुहास हा त्यांचा शाळेपासूनचा मित्र. अपघातानंतर अंथरुणाला खिळलेला. तोही असाच गेम चालवी. इथं लिहिलेलं तिथं उमटावं, एवढंच इक्बालभाईंना हवं होतं. मला थोडं प्रोग्रॅमिंग येई, म्हणून रविवारी त्यांनी मला घरी बोलावलं. गेमच्याच भाषेत सॉकेट बनवायचं होतं. म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरशी बोलायचं दार. मी घाईनं लगेच मजकूर पाठवी आणि एरर येई.

“दमानं घे गो,” ते म्हणत. “आदी बनव, मग जोड. जोडल्याचा निरोप आला की मगच बोल. तवर गेम थांबवायचा नाय, आपली कामं चालू ठेवायची.”

तिसऱ्या रविवारी ओळ उमटली : ‘इक्या, आहेस का?’

इक्बालभाईंनी चष्मा पुसला आणि ‘हाय ना’ एवढंच लिहिलं. मग रोज संध्याकाळी दोघं बोलू लागले.

वर्षभरानं सुहास गेला. घरच्यांनी त्याचा कॉम्प्युटर बंद केला. आमचं सॉकेट मात्र दर पाच मिनिटांनी तिकडे जोडून बघे आणि नोंद करी : उत्तर नाही.

‘काढून टाकू?’ मी वहीत लिहिलं.

“ऱ्हाऊ दे. कोनाला त्रास हाय त्याचा?”

पुढे गेम अडखळायला लागला. खेळणारे कुरकुरू लागले. मी न विचारता सफाई केली, त्यात ते सॉकेटही काढलं. त्यांच्या भल्याचंच करतेय, असं तेव्हा खरंच वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले. “काम चांगलं केलंस,” म्हणाले.

‘परत घालून देते,’ मी घाईघाईनं लिहिलं.

“नको गो. तिकडं कोन नाय, आता कळला मला.”

महिन्याभरात त्यांनी गेमच बंद केला. मला पुन्हा कधी बोलावलं नाही. त्यांच्यासमोर वही सरकवायचं धाडस मलाही झालं नाही.

इक्बालभाई वारल्यावर मी त्यांच्या घरी भेटायला गेले. भाभी म्हणाल्या, “घरात तर गप्पच असायचे. ऑफिसात तुमच्याशी तरी बोलायचे ना?”

मी ‘हो’ म्हणाले.