मावशींना खोटं बोलता येत नाही

हर्सूलहून आमच्याकडे दूध घालायला येणाऱ्या मावशींना खोटं बोलता येत नाही. "आज पातळच हाय दूध, साय धरणार नाय," असं त्या आपणहून सांगतात.

पुढे आलेला खालचा जबडा मागे घेण्याचं ऑपरेशन करून मी घरी आले, तेव्हा दात रबरांनी बांधलेले होते आणि तोंड सुजलेलं होतं. भेटायला येणारे सगळे म्हणायचे, "छान दिसतेस हं!" ते ऐकून मला जास्तच भीती वाटायची. मी आरशात बघणंच सोडलं.

मावशी मात्र दारातूनच म्हणाल्या, "कालच्यापरीस जास्त सुजलंय की गं!" आईनं डोळे वटारले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, "आज बी तसंच हाय."

दहाव्या दिवशी दुधाचं माप हातात धरून त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

"उतरली गं पोरी सूज. हनुवटी दिसायली. बेस झालीय."

मी तशीच आरशापुढे गेले आणि रडू फुटलं. आई घाबरून धावली. दारातून मावशींचा आवाज आला, "रडू द्या तिला. बरं वाटायलंय."