बारीक तोंडाचा तुंबा

कल्याणहून मुरबाडपलीकडच्या पाड्यापर्यंत उन्हातान्हात सायकल हाणायची, आणि वाटेत कुणापुढेही ओंजळ धरायची नाही. जमेल तुम्हाला? घाईनं हो म्हणू नका. आधी दौलतचं ऐका, मग छाती पुढे काढा.

एकोणिसावं शतक संपत आलं होतं. दौलत कल्याणच्या महारवाड्यातला, आगगाडीच्या रुळांवर टोळीत राबणारा. टोळीवरचा गोरा साहेब विलायतेला निघाला तेव्हा आपली भरीव रबरी चाकांची सायकल त्यानं दौलतला देऊन टाकली. ती घासूनपुसून ठेवणारा दौलतच होता ना! महार सायकलवर बसलेला पाहून निम्म्या बाजाराच्या पोटात दुखलं. दुखू दे.

दौलतच्या डोक्यात एकच होतं. मुरबाडपलीकडच्या त्या पाड्यावर दिलेली लेक हेमा पोटुशी होती, बारशाला जायचं. सुटी एका दिवसाची. पायी जाऊन येणं होत नव्हतं, सायकलवर झालं असतं. अडचण पाण्याची. गावच्या विहिरीला हात लावायचा नाही. कुणी दया केलीच तर उंचावरून धार सोडणार, आपण खाली उकिडवं बसून ओंजळीनं प्यायचं, निम्मं कोपरावरून मातीत. मागल्या साली असं पिताना काठावरची माणसं हसली होती. "पी पी, बैलासारखा!" त्या दिवसापासून दौलतनं ओंजळ धरणं सोडलं.

म्हणजे पाणी आपलं आपण न्यायचं. पण कशात?

मडकं शिंक्यात घालून दांड्याला टांगलं, ते पहिल्याच खड्ड्यात फुटलं. घासलेटचा डबा राखेनं घासला, चिंचेनं घासला, तरी प्यायलं की ढेकर चिमणीच्या धुरासारखी. तांबटाकडे फिरकीच्या झाकणाचा तांब्या बघायला गेला, तर तांबट म्हणाला, "तुला कशाला रे हा?" दौलत तिथूनच चार शब्द सुनावून परतला.

शेजारचा गुणाजी म्हणाला, "कातड्याची पिशवी घे की. पानी गार ऱ्हातं."

"मेलेल्या ढोराचं कातडं सोडलं ना रे आपण? मग तेच तोंडाला लावू?"

कलावती, त्याची बायको, चुलीपाशी ऐकत होती. ती म्हणाली, "अवो, भांडं इकत मिळंना तर पिकवू या."

तिनं परसात कडू भोपळ्याचा वेल चढवला. फळ कोवळं असतानाच त्याच्या कमरेला सुतळी आवळली, म्हणजे वाढताना खाच पडेल आणि सायकलच्या दांड्याला घट्ट बांधता येईल. गळ्याशीही आवळली, म्हणजे तोंड बारीक राहील आणि हिसक्यानं पाणी सांडणार नाही. रोज सकाळी ती वेलाशी जाऊन फळ बोटांनी चाचपायची.

"एवढ्या तोंडातून चिमणी तरी पील का गं?"

"तुमची चोच लांब हाय. प्याल."

फळ वाळलं, पोखरलं, तुंबा झाला. आता त्यात पाणी भरून रोज बदलत महिनाभर ठेवायचं, तेव्हा कुठे कडूपणा जातो. पण हेमा दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली. मुलगी झाली, बारसं येत्या रविवारी. कलावतीनं घाईघाईत तुंबा खळखळून धुतला, थेंब जिभेवर ठेवला. बरा लागला. भरून बांधून दिला.

दौलत निघाला. उल्हास नदी ओलांडताना त्यानं पाण्याकडे पाहिलंसुद्धा नाही. भरलेला तुंबा सोबत असल्यावर कशाला बघेल! पुढे माळ लागला, ऊन टाळूवर आलं. एका पळसाखाली थांबून त्यानं तुंबा तोंडाला लावला, आणि थुंकला. विषासारखं कडू. हिसक्यांनी आणि उन्हानं भोपळ्याचा सगळा कडूपणा पाण्यात उतरला होता. प्यायलं तर ओकाऱ्या सुटणार. सगळं ओतून दिलं. संतापानं तुंबाही फेकायला हात उगारला, तेव्हा अंगठ्याला सुतळीची खाच लागली. फेकला नाही.

पुढच्या गावी विहिरीवर एकटी म्हातारी पाणी शेंदत होती.

"कोन रं तू? लोखंडाच्या घोड्यावर?"

"कल्यानचा. महार हाय. नातीच्या बारशाला चाललोय. पानी पायजे."

"बस खाली. धर ओंजळ."

"ओंजळ न्हाय धरत, आजी. ह्यात घाला."

"मिजास बघा मेल्याची!"

तिनं लांबून, उंचावरून कळशी वाकडी केली. धार तुंब्याच्या तोंडात जाईना, दौलतच्या पायावर पडली. पुन्हा ओतली, पुन्हा सांडली.

"हालतोस कशाला रं?"

"म्या न्हाय हालत. तुमचाच हात लांब हाय."

म्हातारीनं चहूकडे पाहिलं. कुणी नव्हतं. ती एक पाऊल पुढे आली. मग आणखी एक. इतकी जवळ, की तिच्या मिश्रीचा वास आला. कळशीचा काठ तुंब्याच्या तोंडाशी आला आणि बारीक धार गुळगुळ करत आत उतरली. तो उभा, तीही उभी.

चूळ भरून त्यानं तुंबा दोनदा धुतला, मग भरून घेतला. म्हातारी कुरकुरली नाही.

"लेक तुझी बरी हाय का?"

"बरी हाय."

"जा. कुनी इचारलं, तर मी दिलं न्हाय."

तिला मी देवी करणार नाही. भित्री होती. पण दोन पावलं आली.

पाड्यावर पोचून दौलतनं नातीला मांडीवर घेतलं आणि दिवस मावळता तो घरी परतला.

"पानी ग्वाड लागलं?" कलावतीनं विचारलं.

"ग्वाड."

तिनं तळाचं घोटभर चाखलं. "हे आपलं पानी न्हाय."

मग त्याला सगळं सांगावंच लागलं. तिचा चेहरा उतरला. "माजी घाई नडली."

"गप गं. तोंड बारीक केलंस, म्हनून ती जवळ आली."

कलावतीनं त्याच रात्री तुंबा पाण्यानं भरून कोनाड्यात ठेवला. महिनाभर रोज पाणी बदललं.

आणि तुम्ही. हे वाचून चुकचुकू नका. तुमच्या दारात कुणी पाणी मागितलं, तर उठा, त्याच्याजवळ जा, आणि भांडं त्याच्या हातात द्या.