पुलाचं नाक

खराब काम दिसलं की सायलू मिस्त्री थुंकत. कोणाच्या अंगावर नाही. मान बाजूला वळवून, धुळीत, एकदाच. वाळूत माती निघाली, थू. भिंत ओळंब्यातून सुटली, थू. पहिल्या दिवशी मला त्यांची किळस आली होती. लातूरच्या इंग्रजी शाळेत शिकलेली मी. अशा माणसाशी काय बोलायचं ते मला कळेना. तशीही मी कोणाशी फारशी बोलत नसे.

बिलोलीच्या अलीकडे एका ओढ्यावर जुना दगडी पूल होता. त्याच्या दुरुस्तीचं काम घेतलेल्या ठेकेदाराकडे मी शिकाऊ इंजिनिअर होते आणि मिस्त्री दगडकामाला. जवळच्याच गावचे, सत्तरीचे, बोलण्यात तेलुगूचा हेल. त्या पुलाचे तीन खांब त्यांनी आपल्या लग्नाच्या वर्षी वडिलांबरोबर रचले होते.

पुलाखाली उतरणं नकोसं व्हायचं. काठाला डायपर, कुजलेले हार, कोंबड्यांची पिसं. मी ओढणी नाकाला लावून मापं घ्यायचे. मिस्त्री मात्र घोटाभर घाणीत उभे राहून खांबांवरून हात फिरवत. पाणी येतं त्या बाजूला प्रत्येक खांब टोकदार होता.

"ह्याला काय म्हंतेत म्हाईत हाय का, मॅडम?"

"कटवॉटर," मी म्हणाले. परीक्षेत दोन मार्कांना असायचं.

"आमी नाक म्हंतो. नावंचं नाक." मग म्हणाले, "नाव चालती तवा पाणी उभं ऱ्हातं. हितं पाणी चालून राहिलं अन् नाव उभी हाय. पूल म्हंजे काय? उभ्या नावांची रांग."

त्यांचे आजे गोदावरीवर डोंगा चालवत. खांबाला नाक काढायची अक्कल डोंग्याकडूनच आली, असं ते शपथेवर सांगत. मी म्हटलं, इंग्रजीतही जहाजाच्या पुढच्या धारेला कटवॉटर हाच शब्द आहे. पाणी कापणारं, एवढाच त्याचा अर्थ.

"म्हंजे गोरा बी नावंकडूनच शिकला म्हणा की!" दिवसभर ते मजुरांना हेच सांगत फिरले.

काम तपासायची त्यांची एक रीत होती. कमरेच्या पिशवीतून मूठभर भुसा काढून ते वरच्या अंगाला पाण्यात सोडत. नाकाशी भुसा दुभंगून दोन्हीकडून निमूट निघून जाई. शेजारी पाइपलाइनसाठी उभ्या केलेल्या चौकोनी खांबाशी मात्र तो गरगरायचा, मागे फिरायचा आणि बुडाशी ओढला जायचा. "बघा, हितं पाणी उकरून राहिलं," ते म्हणत. आणि थू.

पंधरा दिवसांनी साइटचे मोठे साहेब आले. "मिस्त्री, उद्यापासून नाकं फोडायची. चौकोनी काँक्रीट चढवायचंय."

"नाकं कशापायी, साहेब?"

"काँक्रीट ओतायच्या प्लेटा चौकोनी हायत आपल्याकडं. तुझ्या नाकासाठी नव्या करून आणू का?"

मजूर हसले. साहेबांनी गुटख्याची पिंक मधल्या खांबावरच टाकली. दगडावरून लाल ओघळ उतरला आणि मी ओढणी नाकाला लावली.

"पाणी भोवरा करतंय साहेब. बूड ऱ्हायचं न्हाई."

"तू इंजिनिअर हायस का?"

"मी न्हाई. मॅडम हायत की." मिस्त्री माझ्याकडे वळले. "सांगा माय. पुस्तकात हाय न्हवं?"

होतं. पानसुद्धा डोळ्यांपुढे होतं, उजवीकडे खाली आकृती. साहेब माझ्याकडे बघत होते. महिनाअखेरीला मला कायम करायचं की नाही, ते त्यांच्या हातात होतं.

"साहेब म्हणतील तसं," मी म्हणाले.

मिस्त्री हत्यारांकडे गेले. छिन्न्या पोत्यात गुंडाळल्या, पोतं खांद्यावर टाकलं आणि रस्त्याला लागले. आपल्या हाताने रचलेला दगड त्यांनी फोडला नाही. बाहेरून ब्रेकर आणून दोन दिवसांत तिन्ही नाकं पाडली. मी वहीत लिहिलं, 'काम समाधानकारक.' माझं सुबक अक्षर बघून मला स्वतःचीच शिसारी आली. त्यापुढे साहेबांची पिंक काहीच नव्हती.

पुढच्याच वर्षी पुराने मधल्या खांबाचं बूड उकरलं. पूल बंद झाला. मी तोवर नांदेडला दुसरीकडे लागले होते. एका रविवारी एसटीने त्यांच्या गावी गेले. त्यांचं बरोबर होतं, आणि मला ते तेव्हाच माहीत होतं, एवढं त्यांना तोंडावर सांगायचं होतं.

दारात त्यांची बायको तूर पाखडत होती. "ते गेले की, माय. चार म्हैने झाले. बसा." तिने चहा टाकला. मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "पुलावर एक मॅडम होती म्हणून लई सांगायचे. समदं खरं तिला ठाव होतं, म्हणायचे. पण सायबानं बिचारीला बोलूच दिलं न्हाई. त्या तुमीच काय?"

चहा हातात होता. पुन्हा कोणीतरी मला विचारत होतं, आणि या वेळी समोर साहेबही नव्हते.

"नाही," मी म्हणाले. "त्या दुसऱ्या."