गोधड्यांचा हिमालय

जामखेडजवळच्या आमच्या गावात दगडांवर पीएचडी करणारी मी एकटीच. त्याचा ताप मला नाही, माझ्या वडिलांना. चहाच्या टपरीवर रोज कोणीतरी विचारतंच, ‘‘दादा, पोरगी नेमकं करती काय?’’ एकदा दादांनी वैतागून ‘‘जमिनीतलं बघती’’ म्हणून सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी बोअरची जागा दाखवा म्हणत लोक नारळ घेऊन दारात. तेव्हापासून दादा नुसती मान खाली घालतात. मला ते बघवत नाही.

म्हणून गणपतीत मंडळाला जिवंत देखावा हवा होता, तेव्हा मीच पुढे झाले. म्हटलं, हिमालय कसा उभा राहिला ते दाखवू, एकदाचं गावाला कळू दे. अध्यक्ष लगेच हो म्हणाले. हिमालय म्हणजे शंकर आलाच, आणि शंकर तेच होणार होते.

मी सगळ्यांना बसवून समजावलं. दोन खंड एकमेकांना रेटतात, जमिनीचं कवच जाड होतं, खोल गाडला गेलेला दगड तापतो. पण सगळा वितळत नाही. गुळाचा खडा तव्यावर कडेनं पाझरतो आणि मधे खडाच राहतो, तसा. तेवढ्या पाझरानं दगड मऊ पडतो, हलका होतो आणि दाबाखाली वर सरकायला लागतो. वरून नद्या डोंगर झिजवून त्याला वाट करून देतात.

‘‘म्हंजी लाव्हा,’’ अध्यक्ष म्हणाले.

‘‘लाव्हा नाही. अर्धवट वितळलेला दगड.’’

‘‘अर्धवट कशाला? पुरा वितळवा की! वर्गणी लई जमलीय.’’

मी कपाळावर हात मारून घेतला. भारत म्हणून कुस्तीची पोरं घेतली, आशिया म्हणून भजनी मंडळ. मधे गावातून गोळा केलेल्या गोधड्यांचा ढीग, आणि त्या ओढून काढणाऱ्या नद्या म्हणजे माझ्या चुलत बहिणी. ढिगाखालचा दगड व्हायला मात्र कोणी तयार होईना. तोंड दिसत नाही, संवाद नाही, कोण मरायला जातंय! शेवटी दादा उठले.

‘‘मी हुतो. कसं यायचं वर?’’

‘‘हळू, दादा. लई हळू. कोट्यवधी वर्षं लागत्यात.’’

त्यांनी गंभीरपणे मान डोलावली.

संध्याकाळी पडदा उघडला. भारतानं असा रेटा दिला की आशिया टाळ-मृदंगासकट पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवर गेला. टाळ्यांचा कडकडाट झाला. नद्या गोधड्या ओढायला आल्या, पण वर शंकर बसलेले.

‘‘उठा की वो,’’ एक नदी कुजबुजली.

‘‘देव कधी उठतो व्हय?’’ शंकर माईकवर म्हणाले.

नद्यांनी मग सरळ खालच्या गोधड्यांना हिसका दिला. शंकर गडगडत आशियात जाऊन पडले. पुन्हा टाळ्या. मी माईक घेतला आणि अभिमानानं सांगितलं, ‘‘आता खोलवरचा दगड वर येत आहे.’’

ढीग हलला नाही.

मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. कोणीतरी शिट्टी मारली. ‘‘दादा झोपलं जनू!’’ असा आवाज आला आणि हशा पिकला. लोक प्रसादाकडे वळले, तिथून घराकडे. भारत भजी खायला निघून गेला. अंगाची लाही लाही झाली होती माझ्या. तणतणत ढिगापाशी गेले.

‘‘दादा, उठा आता. सगळे गेले.’’

‘‘थांब,’’ आतून आवाज आला. ‘‘येतोय.’’

मी वाकून पाहिलं. गोधड्यांमधून दादांची टोपी बाहेर आली होती, मघाशी ती नव्हती. उकिडवे बसलेले दादा केसाकेसानं उठत होते. दुखरे गुडघे थरथरत होते, घाम डोळ्यांत उतरत होता, तरी घाई नाही. पडदा उघडल्यापासून ते असेच वर येत होते. मला रडू आलं. मांडवातल्या सतरंजीवर मी बसून राहिले आणि ते पुरते उभे होईपर्यंत नजर हलवली नाही.

‘‘बरूबर आलो का?’’ त्यांनी विचारलं. ‘‘गडबड न्हाई ना केली?’’

‘‘बरोबर आलात, दादा.’’

सकाळी मी त्यांच्याबरोबर टपरीवर गेले. कालचे सगळे बसलेले होतेच. एकानं हसत विचारलं, ‘‘दादा, काल काय हुतं ते? पोरगी नेमकं करती तरी काय?’’

दादांनी त्याच्याकडे सरळ पाहिलं.

‘‘तुमी समदी उठून गेला,’’ ते म्हणाले. ‘‘ती बसून बघत व्हती. त्येच करती ती.’’